गार पाण्यातली झडप

पाचगणीच्या प्रयोगशाळेत धुकं खिडकीतून खुशाल आत यायचं. मधोमध काचेच्या टाकीत रबराचं पारदर्शक हृदय संथपणे धडधडायचं आणि शाल्मली त्याच्याकडे बघत स्वतःलाच विसरून जायची. आज मात्र तिचे शास्त्रज्ञ आजोबा डोकं धरून बसले होते.

"काल घट्ट बसलेली झडप आज निसटते कशी?"

झडप म्हणजे रक्ताला एकाच दिशेने सोडणारं हृदयाचं दार. आजोबांचं स्वतःचं दार आता कडक झालं होतं. चार पावलं चालले की धाप लागायची. उद्या त्यांना नवी झडप बसणार होती. त्या झडपेची जुळी बहीण, अगदी तशीच दुसरी झडप, इथे टाकीतल्या रबरी हृदयात परीक्षा देत होती. ती नापास झाली, तर शस्त्रक्रिया लांबणार होती, आणि आजोबांना थांबणं परवडणारं नव्हतं.

"आजोबा, छाती न उघडता ती आत जाते कशी?"

"मिटून! तिची जाळीदार चौकट चिमटून कॅथेटरमध्ये (बारीक, लवचीक नळीत) भरायची. मांडीतल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत न्यायची. तिथे नळी मागे ओढली, की चौकट उमलते आणि चहूबाजूंनी रेटून बसते."

"मग खूप जोरात रेटू दे की!"

"वेडाबाई! जोर कमी पडला, तर रक्ताचा लोंढा तिला ढकलून देईल. जास्त झाला, तर शेजारचा नाजूक भाग दुखावून हृदयाचा ताल बिघडेल. म्हणून तर जोर मोजायचा."

"जोर निम्माच. तिसऱ्यांदा," ठकी म्हणाली. ठकी म्हणजे आजोबांची यंत्रमानव मदतनीस, भलतीच आज्ञाधारक.

शाल्मलीला त्या झडपेची दया आली. तिला गोंजारायला तिने पाण्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"आई गं! केवढं गार!"

"'वापरात नसलेली उपकरणे बंद ठेवावीत,' ही पाटी तुम्ही कालच लावलीत," ठकी शांतपणे म्हणाली. "टाकीत कोणी अंघोळ करत नव्हतं. म्हणून मी हिटर बंद केला."

आजोबांनी कपाळावर हात मारला. "पाटी माझी आणि नडली मलाच! अगं, ही चौकट नायटिनॉलची (ऊब मिळताच आपला मूळ आकार आठवणाऱ्या मिश्रधातूची) आहे. गारव्यात ती मऊ पडते. शरीराच्या उबेत ताठ होते."

हिटर लागला. पाणी हळूहळू सदतीस अंशांवर आलं. काचेवर वाफ धरली आणि त्या वाफेआड चौकट आळस दिल्यासारखी फुलत गेली. ठकीने पुन्हा मोजलं.

"जोर हवा तेवढाच."

रबरी हृदय जोरात धडधडू लागलं. झडप जागची हलली नाही. शाल्मलीला इतका आनंद झाला, की तिने ओल्या हातांनीच आजोबांना मिठी मारली. त्यांच्या छातीतून घासल्यासारखी खरखर ऐकू येत होती.

"आता ही जुनी काढून टाकणार?"

"छे! ती तिथेच राहते. तिच्याच आधाराने नवी उभी राहते."

शाल्मलीने त्यांच्या छातीजवळ तोंड नेलं आणि ती आतल्या जुन्या झडपेशी कुजबुजली, "उद्या नवी येईल हं. तिला घट्ट धरून ठेव."