अर्धी राहिलेली भेट

पांढरकवड्याजवळचं ते जिनिंग कापसाच्या पडत्या काळात बंद पडलं आणि पुढच्याच साली मालकानं तिथे मध्ययुगीन इतिहासाचं संग्रहालय काढलं. बापानं जन्मभर जमवलेल्या तलवारी, ढाली, नाणी घरात मावेनात, आणि शेड तर रिकामंच पडलं होतं. आढ्याला कापसाचे तंतू अजून तसेच चिकटलेले होते.

अकीला मॅडमनी राळेगावकडच्या आपल्या शाळेची सहल तिथे नेली ती शाळांना तिकीट माफ होतं म्हणून, उगीच खोटं कशाला सांगा. मॅडम गणिताच्या. पोरांनी भुताखेतांचा विषय काढला की म्हणायच्या, पुरावा दाखव आणि मग बोल. सोबत बत्तीस पोरं आणि शाळेत खिचडी शिजवणारी बिजलीबाई. त्या बत्तिसांत बिजलीबाईची नात, सोनू.

खरा घोर होता तो सोनूचा. आखाडात तिची आई तापानं गेली. तेव्हापासून पोरगी रडलीच नव्हती. डोळ्यांतून टिपूस नाही, बोलणं हो-नाहीपुरतं, खाणं चिमणीएवढं. दहा वर्षांच्या पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती. यवतमाळच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं, त्यानं काही फरक पडला नाही.

"रडली असती त निघालं असतं पोटातलं," बिजलीबाई म्हणायची. "अशानं ही पोट्टीबी जाईन माही, मॅडम."

पहिल्याच दालनात लदेणीचा तांडा मांडला होता. मोगली फौजेला धान्य पोचवणारे बैल, पाठीवर गोण्या, आणि दोरीच्या आत उभी एक लमाण बाई. होती प्लास्टरची, पण अंगावर खरी आरशांची कांचळी, घेरदार घागरा म्हणजे फेटिया, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. बिजलीबाईही लमाणच, आणि नजर अधू. तांड्यातलीच कोणी भेटली असं समजून ती सरळ दोरीखालून आत गेली, बाईच्या गळ्यात हात टाकले आणि सुरात रडू लागली.

पोरांनी हसून शेड डोक्यावर घेतलं. राखणदार गफ्फारभाई धावत आले. "अवं बाई, पुतळा हाय तो." बिजलीबाई ओशाळून बाहेर आली.

"रडत काहून होत्या तुम्ही?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आमच्यात लय दिसांनी बाई भेटली का असंच असते, मॅडम. एकमेकीच्या खांद्यावर डोकं ठेवाचं, कोण गेलं, कोण राह्यलं ते गाऊन सांगाचं. एकीचं झालं का दुसरी सांगते." तिनं मागे वळून पाहिलं. "अर्धी सोडत नसते ही भेट."

नाण्यांच्या दालनात मॅडमनी डोकी मोजली. एकतीस. पुन्हा मोजली, तरी एकतीसच. सोनू नव्हती.

आवारात जिनिंगची जुनी विहीर होती, तिला कठडा नव्हता. गफ्फारभाई विहिरीकडे पळाले. मॅडम आणि बिजलीबाई आल्या वाटेनं मागे फिरल्या.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं.

सुरातलं रडणं. बारीक, फुटका आवाज, सोनूचाच. मग तो थांबला.

आणि दुसरा लागला. थोराड, सावकाश, लय लांबून चालत आलेल्या बाईचा असावा तसा.

मॅडमनी बिजलीबाईकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"कोण आहे तिथे?"

"मले काय मालूम," बिजलीबाई जागीच थांबली होती. "पुरं होऊ द्या, मॅडम."

मॅडम थांबल्या नाहीत. धावत दालनात शिरल्या, तसा आवाज बंद झाला.

आत दुसरं कोणी नव्हतं. सोनू गोणीवर चढून पुतळ्याच्या गळ्यात पडली होती. पुतळा होता तसाच होता. मॅडमनी हात धरून पोरीला खाली उतरवलं. तिचं तोंड भिजून चिंब झालं होतं, नाक वाहत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मले भूक लागली."

इतकं बरं वाटलं मॅडमना, की त्या मटकन खालीच बसल्या. गफ्फारभाई धापा टाकत परत आले. आवाज त्यांनीही ऐकला होता. "शेड हाय ना, मॅडम. घुमते इथं," असं म्हणाले, आणि मॅडमनी ते लगेच पटवून घेतलं. पोरगी हाती लागली होती, आणखी काय पाहिजे?

निंबाखाली बसून सोनूनं तीन भाकरी खाल्ल्या. वर्गातल्या बादलच्या डब्यातला लाडूही मागून घेतला. ठसका लागला तर हसली. सगळी पोरं तिच्याकडे बघतच राहिली.

परतीच्या एसटीत ती मॅडमच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. मॅडम तिला थोपटत होत्या. थोपटता थोपटता हात थांबला. गणवेशाच्या खांद्यावर, मागच्या बाजूला, तळहाताएवढी ओल होती. दुपारच्या उन्हातही वाळली नव्हती. बोट लावलं, तर गार.

बिजलीबाईच्या नजरेला पडू नये म्हणून मॅडमनी घाईनं त्यावर ओढणी टाकली. पण ती बघतच होती.

"राहू द्या, मॅडम," बिजलीबाई समाधानानं म्हणाली. "त्या बाईचंबी लय दिसांचं रडाचं राह्यलं होतं."