शेळ्यांच्या खुरांचा रेफरन्स

ती लायब्ररीत आली ती पुस्तकासाठी नव्हे, चार्जरसाठी. छातीच्या आजारांच्या विभागातली ही तरुण डॉक्टर. तिचा फोन मान टाकायच्या बेतात होता आणि हॉस्पिटलभर हिंडून कुणाकडे चार्जर मिळाला नव्हता. लायब्ररियनने मुकाट्याने स्वतःचा काढून दिला. ती कोपऱ्यातल्या प्लगपाशी गेली आणि तिच्या हातातला कागदांचा गठ्ठा तेवढा त्याच्या टेबलावर राहिला. तिथेच सगळं बिघडलं. किंवा जुळलं म्हणा.

या लायब्ररियनला हॉस्पिटलात सगळे टिंबशास्त्री म्हणत. चुकीच्या जागी पडलेलं टिंब दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. दहा मिनिटांनी ती परत आली, तर तिच्या पेपरच्या शेवटच्या दोन पानांना लाल पेन्सिलीचा गोवर उठला होता.

“कुणाला विचारून?” ती म्हणाली.

“राहवलं नाही…” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “या जर्नलला आडनाव आधी लागतं. आद्याक्षरांपुढे टिंब चालत नाही. आणि सहा लेखकांनंतरच्यांना ‘इतर’ म्हणून मोकळं व्हायचं असतं. तुम्ही सातव्यालाही आत घेतलंय.”

“बिचारा सातवा,” ती म्हणाली, आणि टिंबशास्त्र्याचे कान पेन्सिलीच्या रंगाचे झाले.

तिचा पेपर म्हाताऱ्या माणसांच्या जुनाट खोकल्यावर होता. दोन वर्षं तिने त्यासाठी पेशंटांच्या छातीला कान लावले होते. जर्नलने तो दोनदा परत पाठवला, तोही मजकुराला नावं न ठेवता, केवळ मागच्या रेफरन्सच्या यादीपायी. शनिवारी दुपारी दोनपर्यंत नीट होऊन गेला तर ठीक. तो पोहोचल्याची पोच दाखवल्याशिवाय दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभराचं ट्रेनिंग मिळणार नव्हतं, आणि त्या जागेसाठी ती कधीची डोळे लावून बसली होती.

आता खरं सांगायचं तर हे काम कॉम्प्युटर करतो. बेचाळीस रेफरन्स त्याच्या पोटात ढकलायचे, जर्नलचं नाव निवडायचं आणि बटण दाबायचं. आडनावं, टिंबं, आकडे सुतासारखे सरळ होतात. टिंबशास्त्र्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्यात तिने कपाळावरची बट फुंकरीने उडवली, आणि जन्मात कुणाला पानाचा आकडा चुकीचा न सांगणारा हा माणूस म्हणाला, “हातानेच करावं लागेल. रोज दुपारी येत जा… एका बैठकीत सातेक होतील.”

मंगळवारी ती आली, बुधवारी आली. ती नावं वाचायची, तो लिहायचा. पंख्याने पान उडालं की दोघांचे हात एकदमच त्यावर पडायचे, आणि पान सापडल्यावरही थोडा वेळ तिथेच राहायचे. बुधवारपासून तिने एक नवीच भानगड आणली. रोज येताना तीन-चार नवे रेफरन्स घेऊन यायची. म्हणायची, हे राहूनच गेले होते हो, अगदी पहिल्या परिच्छेदात घालायचेत. आता रेफरन्सना आकडे पडतात ते मजकुरात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने. वर एक घुसला की खालचे सगळे एकेक घर सरकतात आणि सगळं नव्याने लिहावं लागतं. टिंबशास्त्र्याने कुरकुर केली नाही. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं होतं त्याचं.

घरी जाताना मात्र त्याचं मन त्याला खायचं. काम संपलं की ही जाणार. नाही संपलं तर तिचं नुकसान, तेही आपल्या हातून. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी बारा वाजता त्याची ताई आली. ती तळमजल्यावर रक्तपेढीत कामाला होती आणि भाऊ विसरलेला डबा द्यायला आली होती. तिने टेबलावरचे कागद पाहिले, डॉक्टरला पाहिलं, मग भावाला.

“हातानं काय लिहीत बसलायस रे? ते बटण दाबून होतं ना? माझ्या मैत्रिणीचं तर तू तिचा चहा निवायच्या आत करून दिलं होतंस.”

एवढं बोलून, डबा ठेवून ताई निघून गेली. डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

“खरं आहे हे?”

“खरं आहे.”

“आणि दोन वाजता माझं काय होणार होतं?”

त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की चष्मा काढून हातात घ्यावा लागला. “पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर करून ठेवलंय सगळं. रोजचे नवेही टाकतोय. तुमचं नुकसान होऊ दिलं नसतं. फक्त… सांगितलं नाही. तुम्ही यायचं बंद केलं असतं.”

ती टेबलावरचे आपले कागद गोळा करू लागली. मग त्यानेच धीर करून एक कागद तिच्यापुढे सरकवला.

“मीही एक विचारू? नऊ नंबर. काल वाचला मी. तो शेळ्यांच्या खुरांवर आहे.”

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती. “तुम्ही वाचता रेफरन्स?”

“सगळे.”

“कुणीच वाचत नाही हो…” तिने तोंडावर हात घेतला. “हाताला लागेल ते उचलून आणत होते मी. बारा आहेत असे. डोक्यातल्या कोंड्यावरचाही आहे एक.”

म्हणजे तो चोर, तर ही चोरावर मोर. मग दोघंही असे हसले, की पलीकडच्या टेबलावरच्या सर्जनने पुस्तकातून मान वर काढली.

हसण्यात वेळ गेला. एक वाजून गेला होता. तिने एकेक उपटसुंभ रेफरन्स दाखवला, त्याने तो काढला, आकडे आपोआप वर सरकत बेचाळिसावर येऊन थांबले. त्याने पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. ती शेजारी नखं खात बसली. दोनला वीस मिनिटं असताना पाठवायचं बटण तेवढं उरलं, आणि त्याचा हात तिथेच थबकला.

“दाबा ना,” ती हळूच म्हणाली.

“दाबतो. हे गेलं की तुम्ही जाणार…” तो पडद्याकडे बघत बोलत होता. “मला तुम्ही आवडता, डॉक्टर. फार आवडता. तुम्ही जाऊ नये असं वाटतं. आणि माझ्यामुळे गेला नाहीत, तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही.”

आणि त्याने बटण दाबलं.

पोच आली. पेशंटांपुढे कधी पापणी न हलवणारी ही बाई ओढणीला डोळे पुसत बसली. मग म्हणाली, एकाच वर्षाचा प्रश्न आहे. आगगाडीने नऊ तास लागतात. पुढच्या महिन्यात निघायचंय, सामान बरंच आहे आणि बरोबर कुणी नाही.

टिंबशास्त्र्याने खणातून रजेचा अर्ज काढला. चार दिवस, असं लिहिलं. ‘कारण’ या रकान्यापाशीही त्याचा पेन अडला नाही. ती वाकून वाचू लागली: ‘छातीच्या विभागातील डॉक्टरांवर माझे प्रेम आहे. त्यांना नव्या गावी पोहोचवायला जात आहे.’

“अहो, असं लिहितं का कुणी? ‘घरगुती काम’ लिहायचं.”

“अर्धवट माहिती मी देत नाही.”

तिने त्याच्या हातातून पेन घेतला आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, बारीक डॉक्टरी अक्षरात भर घातली: ‘त्यांचेही माझ्यावर आहे.’

“अर्धवटच होती,” ती म्हणाली.