पट्ट्याची लाल चिंधी

लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा वाटलं होतं, सासरी आधी स्वयंपाक शिकवतील. शिकवला आरागिरणीचा आवाज. घर गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकलेलं. लाकूड कापायचा पट्टा सकाळी चाकांवर ताणायचा, नखानं टिचकी मारून ऐकायचा. काम संपलं की तो ढिला करून स्विचला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की मशीन सुरू करायचं नाही. हा नियम सासऱ्यांचा, प्रेमसिंगांचा. ते गेले, नियम घरातच राहिला.

त्या दुपारी चहा घेऊन गिरणीत गेले. वीज गेलेली. भुशाचा कडवट वास, आणि कोणीच नाही. पट्टा सैल पडला होता. स्विचला चिंधी. सहज हात लावला, तर तिचं एक टोक ओलं…

तेवढ्यात हे आले.

"मी तर ताणलेला ठेवून गेलतो. तू सोडला काय?"

"मी कायले हात लावू त्याले?"

हे हसले. म्हणाले, मग भुतानं सोडला असंल, चहा त्यालेच दे.

वीज आली. यांनी पट्टा पुन्हा ताणला, चिंधी सोडायला हात नेला. मागच्या दारातून सासूबाई आल्या होत्या.

"थांब, राजकुमार. ही गाठ कोणं मारली?"

त्यांनी ओलं टोक बोटांत धरलं. सासऱ्यांची उजव्या हाताची बोटं याच पट्ट्यानं नेली होती, हे मला माहीत होतं. त्यानंतर ते गाठ कशी मारायचे, ते तेव्हा कळलं.

"एक टोक डाव्या हातात…" सासूबाई हळू म्हणाल्या, "दुसरं दातात."

यांनी पट्टा उतरवून उजेडात धरला. सांध्याशी केसाएवढी चीर होती. चालवला असता तर तुटून यांच्याच अंगावर आला असता. चहा कोणीच प्यालं नाही.

चिंधी सासूबाईंनी चुलीत घातली. गेलेल्या माणसानं कामाला हात लावू नये, म्हणाल्या. ती जळताना मी पाहिली.

आज सकाळी हे साग बघायला पांढरकवड्याला निघाले. मोटरसायकल पुसायला मी अंगणात गेले. हँडलला लाल चिंधी.

चाबी मी पिठाच्या डब्यात खुपसली. हे घरभर शोधताहेत, माझ्या विसराळूपणावर बोलताहेत. चिंधी माझ्या मुठीत आहे.

या वेळी तिची दोन्ही टोकं ओली आहेत; गाठीला हात लागलेलाच नाही.