भैरवकड्याची सहा सेकंदं

"पडलेला माणूससुद्धा खालीच पोचतो, बाई. तुमच्या शाईला हे कळतं का?"

वाटाड्या सोमा भांगरेनं विचारलं, तेव्हा शाल्मली हसली होती. म्हाताऱ्याची मस्करी, दुसरं काय!

तिची वाटशाई साधी होती. कागदी नकाशावर फोन ठेवला की आजवर त्या डोंगरातून गेलेल्यांच्या नोंदी कागदात उतरत. कमी वेळात खाली नेणारी वाट गडद होई. बॅटरी संपली तरी कागदावर राही.

"निकष फक्त वेळच?" प्रयोगशाळेत बेडेकर सरांनी विचारलं होतं.

"घाई सगळ्यांनाच असते, सर."

मग एका सकाळी धुक्यात एक ट्रेकर भैरवकड्यावरून पडला. खिशातल्या फोननं नोंद पाठवली : दोनशे मीटर, सहा सेकंदं. दुपारी प्रयोगशाळेतल्या मूळ नकाशावर शाल्मलीला कड्याच्या टोकापासून सरळ खाली काळीभोर रेघ दिसली. तिचा नवरा हर्षद तीन मित्रांसह तिथेच होता, हाच नकाशा घेऊन. त्याचा फोन नुसता वाजत राहिला. तिनं सोमाभाऊंना लावला.

"भाऊ, कड्याकडची वाट अडवा!"

"सकाळी माणूस पडला तवाच अडवलीय. फांदी आडवी टाकून उभाच आहे. हे बघा, धुक्यातनं आलेच चौघं. ओ पावणं, फांदी आडवी म्हंजी वाट बंद!"

"सरक रे म्हाताऱ्या." हर्षदचाच आवाज. "माझ्या बायकोनं काढलाय हा नकाशा. तू शिकवणार?"

"बाईच फोनवर हायेत, बोला तरी..."

"थापा मारतो! हाण रे त्याला."

काठीचा फटका. हाड मोडल्याचा आवाज. सोमाभाऊंची किंकाळी, मग पोटात बसलेल्या लाथा. शाल्मली घसा फाटेस्तोवर ओरडली, पण फोन केव्हाच चिखलात पडला होता. बूट फांदी तुडवत पुढे गेले. त्यानंतर एकापाठोपाठ एक चार आरोळ्या, आणि खाली खडकावर आदळल्याचे चार आवाज.

मूळ नकाशावरची रेघ आणखी जाड झाली. वाटशाईच्या हिशेबी चौघंही सुखरूप, विक्रमी वेळात पोचले होते.

तिनं नव्या नोंदी घेणं बंद केलं. मूळ नकाशावरची रेघ पुसली. पण डोंगरात उघडलेल्या कागदांवरची पुसणार कशी? त्यांच्यावर कुणी पुन्हा फोन ठेवीपर्यंत ती तशीच राहणार होती.

दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन शाल्मली आता भेटेल त्याला एवढंच विचारते, आणि तुम्हालाही विचारतेय : तुमचं कुणी आज डोंगरात गेलंय का? फोन लावा, नकाशावर तो पुन्हा ठेवायला सांगा. उचलला नाही, तर पुन्हा लावा.