परसों फाटलेलं सील

बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ओरडायला लागला. पीप्, पीप्, पीप्! पडदा मात्र काळाठिक्कर.

शोभाताईंनी दचकून हात मागं घेतला. "अगंबाई, हे काय?"

दुकानदार सुरेश मशीनमागं वाकला आणि कपाळावर हात मारून उभा राहिला. "अय्यो मॅडम! सील फाड दिया किसीने."

मागं उभी असलेली रेणुका पुढं झाली.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या 'अक्षरमाला' टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेणुका शिकवायची. पण टाइपरायटरला आता विचारतो कोण? देशाची दारं उघडली म्हणे, आणि जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत सुटला. कोरा करकरीत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मालकीण शोभाताईंनी सुरेशच्या दुकानातला, जुना पण आतले भाग बदलून नव्यासारखा केलेला कॉम्प्युटर वापरून बघायला आणला होता. पसंत पडला तर घ्यायचा, वर वर्षाची वॉरंटी. अट एकच. मागच्या स्क्रूवरचं कागदी सील शाबूत हवं. ते फाटलं की वॉरंटी खलास आणि मशीन गळ्यात! घ्यायचा की परत करायचा, ते आज ठरायचं होतं.

"शनिवारी संध्याकाळी मीच चालवला होता," शोभाताई म्हणाल्या. "छान चालत होता. रविवारी आपल्याला सुट्टी. काल दिवसभर लाइट नव्हती. मग उघडला कुणी?"

"इन्स्टिट्यूटच्या किल्ल्या दोनच," मॅनेजर अविनाश म्हणाला. "एक माझ्याकडे, एक या रेणुकाकडे. मी म्हटलं होतं ताई, किल्ल्या कुणाच्याही हाती देऊ नका."

'कुणाच्याही' म्हणजे कुणाच्या, ते रेणुकाला बरोबर कळलं. नांदेडहून आलेल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावणाऱ्या घरातल्या मुलीला ते न सांगता कळतं. तिचे कान तापले.

"मी सीलला हात लावलेला नाही."

"मग त्या दोन पट्ट्यांना पाय फुटले का? कुठं विकल्यास? सांगून टाक, म्हणजे इथंच मिटवू. नाहीतर पोलीस आहेतच!"

अविनाशनं दाराला आतून कडी घातली. बाहेर टायपिंगच्या मुली कुजबुजत होत्या. कडी घालण्याआधीच त्यांना, समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना त्यानं ओरडून सांगितलं होतं, बाई चोर निघाली म्हणून. गौलीगुड्याला घरी तिच्या आईला फोनवरून निरोपही धाडला होता, पोरीला घेऊन जा. खोलीला एकच खिडकी, तिलाही गज. अडकित्त्यात सुपारी धरावी तशी रेणुका धरली गेली होती. नोकरी जाईल ती जाईल, पण चोर म्हणून गेलेलं नाव परत कुठून आणायचं?

"रविवारी कुठं होतीस?" शोभाताईंनी विचारलं.

"घरी."

"साक्षीला कोण?"

"आई."

"आईच!" अविनाश हसला. "माझा साक्षीदार बघा आता."

त्यानं खिडकीतून हाक मारून समोरच्या चहावाल्या ख्वाजाभाईंना आत घेतलं.

"ख्वाजाभाई, रेणुकाको तुम कब देखे?"

"परसों देखा ना साब. डब्बा खोल के बैठे थे उनों. मैंच चाय दिया."

"ऐकलंत?" अविनाशनं टेबलावर हात आपटला. "परसों! म्हणजे परवा, रविवारी! बंद इन्स्टिट्यूटमध्ये डबा उघडून बसली होती ही!"

शोभाताईंचा चेहरा उतरला. पुण्याहून त्या नुकत्याच आलेल्या. काकांच्या माघारी हा पसारा अंगावर पडला, आणि अविनाश सांगेल ते खरं, अशी त्यांची गत होती.

"सुरेश, तुम्ही तर काही केलं नाहीत ना? सील फाटलं तर फायदा तुमचाच."

"किल्ली कहाँ है मॅडम मेरे पास? पहले देखने तो देव, क्या गया." सुरेशनं पेचकसानं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत डोकावला. "मेमरी की पट्ट्यां. दोनों बी गायब! कोने में लाल नेलपॉलिशका टिपका रहता. हमारे दुकानकी निशानी."

रेणुका मान खाली घालून उभी होती. तिनं हळूच मान वर केली. रडू कुठल्या कुठं पळालं.

"बाई, मी ख्वाजाभाईंना एक विचारू?"

"विचार."

"ख्वाजाभाई, तुम्हारी बेटी मुन्नीकी शादी कब हुई?"

"परसोंच हुई ना अम्मा! बिर्यानी खाए सो भूल गए क्या?"

"और मुन्नीका बेटा?"

"चलने लगा माशाल्ला! पूरे घरमें दौडता."

शोभाताई बघतच राहिल्या. "परवा लग्न झालं आणि नातू पळायला लागला?"

"तेच तर, बाई! हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवा नव्हे. काल सोडून मागचा कुठलाही दिवस. मागच्या आठवड्यातला, मागच्या सालातला, कुठलाही! ख्वाजाभाई, डब्बा खोले सो दिन और कौन था?"

"ये सुरेश साब थे ना. नवा डब्बा आया सो दिन."

"हौ," सुरेश म्हणाला. "खोका खोला हम दोनों. चाय पिया मैं."

"म्हणजे मशीन आलं त्या दिवशीची गोष्ट," रेणुका म्हणाली. "बाई, तुम्ही पुण्याच्या. तुम्ही फसलात, त्यात नवल नाही. पण अविनाशसाहेबांचा जन्म बरकतपुऱ्यातला. त्यांच्या आजोबांपासून सगळे इथले. ते स्वतः दिवसातून दहादा 'परसों' म्हणतात. त्यांना याचा अर्थ कळला नाही? कळला. तुम्हाला कळणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं."

"गप्प बस! काय पुरावा आहे?" अविनाश गरजला, पण आवाज चिरकला.

"तुमचीच जीभ. सुरेशभाईंनी झाकण आत्ता उघडलं. तुम्ही मघाशीच म्हणालात, 'त्या दोन पट्ट्यांना पाय फुटले का?' पट्ट्या गेल्या, आणि त्याही दोन, हे बंद डब्यातून तुम्हाला दिसलं कसं?"

सुरेशनं वळून अविनाशकडे पाहिलं.

"आणि आज सकाळी तुम्हीच हसत सांगत होतात ना, घरचा कॉम्प्युटर आता घोड्यासारखा पळतो म्हणून? बरकतपुरा काही लांब नाही. सुरेशभाईंना न्यायचं, झाकण काढायचं. लाल टिपका दिसला नाही, तर मला खुशाल पोलिसांत द्या."

शोभाताई उठल्या. "चला, अविनाश."

अविनाश मटकन खुर्चीत बसला. "नको ताई, घरी नको. चेतनसमोर नको." त्यानं तोंड झाकलं. "पोराला अमेरिकेला जायचंय. रोज कटकट, मशीन हळू चालतं, क्लासमधली मुलं पुढं गेली. रविवारी येऊन काढल्या पट्ट्या. वाटलं, वॉरंटी आहेच, दुकानदार नव्या घालून देईल. कुणाचं काय जातंय? सील फाटलं की वॉरंटीच जाते, ते नंतर लक्षात आलं. मग... कुणाच्या तरी अंगावर ढकलणं भाग होतं."

"कुणाच्या तरी," रेणुका म्हणाली. तिला त्याची कीव आली नाही. संताप आला, आणि तो तिनं लपवला नाही. "माझ्याच!"

"पट्ट्या वापस आए तो मैं नवा सील लगाके देतौं, मॅडम," सुरेश पुटपुटला. "वॉरंटी पूरे साल की."

"ते मग बघू." शोभाताईंनी कडी काढली.

दारात रेणुकाची आई चतुराबाई उभी होती. धावत आल्यानं तिला धाप लागली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. मागं साऱ्या मुली.

शोभाताईंनी तिचा हात धरला. "माफ करा हो. तुमची मुलगी चोर नाही."

चतुराबाईनं हात सोडवून घेतला.

"त्ये मला कशाला सांगता बाई? मला ठावं हाय. ज्यांना ज्यांना वरडून सांगितलं, त्यांना सांगा."

शोभाताईंनी मान हलवली. मग चपला घालून त्या आधी मुलींपुढं उभ्या राहिल्या, आणि नंतर रस्ता ओलांडून हॉटेलाकडे निघाल्या.