अड्याळच्या मंडपातला श्रोता

ही गोष्ट खरी आहे. खोटं लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे फरक मला कळतो.

मागच्या वर्षी, दिवाळीनंतर. अड्याळची मंडई, म्हणजे आमच्याकडची नाटकांची जत्रा, उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला.

माझा भाचा प्रफुल्ल जॅझ व्हायोलिन वाजवतो. त्यातही अगदी नव्या धाटणीचं. म्हणजे चुकून सूर लागलाच, तर तो ओशाळतो.

वीस वर्षं युरोपात काढली. पाच रेकॉर्डी निघाल्या. एकीत नुसती शांतता आहे. तेवढीच ऐकवते.

तिकडच्या आयोजकांनी शेवटी कळवलं... एक तरी श्रोता शेवटपर्यंत बसलेल्या मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवा. नाहीतर यापुढे बोलावणं नाही.

म्हणून मंडईतल्या नाटकाचा रिकामा मंडप मागून घेतला. गावातून कुणी फिरकलं नाही. मी मामा, मला श्रोत्यांत धरत नव्हते. मंडपवाला तुलाराम खुर्च्या उचलायला थांबला होता.

"भाऊ, हे सुरू झालं, का अजून तारा जुळवूनच राहिले?"

"कवाचंच सुरू झालं."

तेवढ्यात...

तिसऱ्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची करकरली.

मग शेजारची. मग रांगच्या रांग. कुणी टेकावं तशा खुर्च्या दबल्या. माणूस एकही नाही.

तुलारामनं माझा दंड धरला. "भाऊ... हे कोण येऊन राहिले?"

प्रफुल्ल डोळे मिटून तारा घासतच होता.

आणि मग...

खुर्च्या एकेक करून हलक्या झाल्या. चपलांचा आवाज फाटकाकडे गेला.

भुतंसुद्धा उठून गेली! त्यांना कुठं घरी स्वयंपाक टाकायचा होता?

पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र दबलेलीच राहिली. शेवटपर्यंत.

प्रफुल्ल रडला. "मामाजी, एक तं बसला नं!"

रेकॉर्डिंग गेलं. उत्तर आलं : उत्तम. यातला दुसरा व्हायोलिनवादक कोण? पुढच्या वर्षी त्यालाच पाठवा.

दुसरा कुणीच नव्हता.

आम्ही रेकॉर्डिंग लावलं... गर्दी उठल्यावर, पहिल्या रांगेतून, मंडपात आम्हाला ऐकूच न आलेलं दुसरं व्हायोलिन सुरू होत होतं.

सुरात.

प्रफुल्ल परत गेला नाही. रोज संध्याकाळी, मंडप होता त्या मोकळ्या मैदानात समोर एक खुर्ची मांडून बसतो.

"काय करतोस रे तिथं?"

"त्याले म्हणतो, मले शिकव."

"पासपोर्ट आहे का, तेही विचारून घे."

परवा टिंगल करायलाच गेलो. व्हायोलिन पेटीत बंद. प्रफुल्ल पाठमोरा, एकटा.

आणि मैदानभर व्हायोलिन वाजत होतं...

मी शेवटपर्यंत उभा राहिलो.

आवाज थांबला. प्रफुल्ल वळला. हात रिकामे, डाव्या हाताच्या बोटांची टोकं मात्र सोलवटलेली.

"मामाजी, कसं वाजवलं मी?"

"चांगलं," मी म्हणालो. वीस वर्षांत पहिल्यांदा.

खरंच चांगलं होतं. फक्त, ते मी कुणाला सांगितलं... ते अजून कळलेलं नाही.