सहावं घर

दुपारचे साडेतीन वाजले होते. वेळ मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टी मध्यरात्रीच घडतात असा लोकांचा भाबडा समज असतो.

मी पोलिसांच्या शस्त्रागारात रिव्हॉल्वर साफ करतो. तळघरातली खोली, खिडकी नाही, टेबलावर एक दिवा. गोळ्या अंगणापलीकडच्या इमारतीत ठेवतात. इथे एकही नसते. काम तसं सोपं. चक्री बाहेर काढायची, तिच्यातली गोळ्यांची सहा घरं द्रावण घालून पितळी ब्रशनं घासायची, चिंधी फिरवायची, तेलाचा थेंब द्यायचा आणि शेवटी चाप ओढून बघायचा. पण त्याआधी एक रीत असते. एकानं घरं मोठ्यानं मोजायची, "एक रिकामं, दोन रिकामं..." आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून "बरोबर" म्हणायचं. काही चुकलं तर पुन्हा एकपासून.

माझ्या जोडीला मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाचा पट्टा सतत चालू. तेलाचे हात हटकून माझ्याच सदऱ्याला पुसायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं पाठ केल्यासारखं सहापर्यंत मोजलं. मी तेलाचा डबा पुसत होतो. मान वर न करताच म्हणालो, "बरोबर." त्यानं चाप ओढला तेव्हा नळी त्याच्याच पोटाकडे होती.

चौकशीत मी सांगितलं, त्यानं मोजलंच नाही. माझी नोकरी राहिली. बायकोनं भावाचा फोटो कपाटात ठेवला. "इतका कसा गं बेफिकीर निघाला," एवढंच आईजवळ म्हणाली आणि त्याचं नाव घरातून गेलं. तेव्हापासून मोजतो मीच, "बरोबर" म्हणतोही मीच. एकट्याच्या आवाजाची सवय होत नाही हो.

त्या दुपारी कोठीवाल्यानं एक पुडकं आणून ठेवलं. "कोर्टातून सुटलं एकदाचं. साफ करून उद्या सकाळी परत द्यायचंय."

कागद उलगडला. आतल्या रिव्हॉल्वरचा नंबर मला अकरा वर्षं पाठ होता.

पाच घरं पटकन निघाली. सहाव्यात कीट बसलेलं. भिजवलं, घासलं, चिंधी पांढरी येईपर्यंत फिरवली. दिव्यासमोर धरलं, तर पुन्हा काळं. परत घासलं. परत काळं. मनगट भरून आलं. आणि खोलीत वास सुटला होता, आत्ताच बार उडाल्यासारखा...

"सोड की रे आता," मी म्हणालो, मेव्हणा समोर असल्यासारखा. मग माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मी बघितलं नव्हतं. चूक माझी होती."

पुढची चिंधी काळीकुट्ट आली. घर आतून लख्ख झालं. मला रडू कोसळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तेल दिलं, चक्री बंद केली. सहाही घरं मी आत्ताच तर घासली होती, आता मोजायचं कशाला? चापावर बोट ठेवलं. पण आधी बायकोला सांगितल्याशिवाय हे काम संपवू नये, असं वाटलं. तिला फोन लावला.

"अगं, तुझ्या भावानं मोजलं होतं. मीच न बघता बरोबर म्हणालो. चौकशीत खोटं बोललो."

ती रागवेल, फोन ठेवून देईल, काहीही चाललं असतं मला.

"अहो..." ती अगदी हळू म्हणाली. "तुम्ही एकटेच आहात ना तिथं?"

"हो."

"मग मागे हा मोजतोय तो..."

मी श्वास रोखून ऐकलं. दिव्याच्या बारीक गुणगुणीखेरीज काही नव्हतं.

"पाचावर थांबलाय," ती म्हणाली. "बोला ना त्याच्याशी. वाट बघतोय तो."

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी चक्री उघडली. या वेळी मान खाली घालून, नीट, एकेक घर बघितलं. पाच रिकामी.

सहाव्यात पितळ चमकत होतं. पूर्ण गोळी, थंडगार.

"नाही रे," मी कसंबसं म्हणालो. "बरोबर नाही. एक आहे आत." ती काढून टेबलावर ठेवली. टेबलावर ती थोडी गडगडली आणि थांबली.

"गेला का?" मी विचारलं.

"नाही." बायको रडत होती. "पुन्हा एकपासून मोजायला लागलाय..."